लष्कराच्या भाकऱ्या

'घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' ही म्हण आमच्या घरी गेली पंधरा वर्षे नेमाने ऐकू येते. रविवारी सकाळी चहा घेऊन मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो, की स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज येतो, "चालले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" सुरुवातीला या वाक्यात राग असे. आता त्यात थोडे कौतुकही मिसळले आहे, असा माझा समज आहे आणि तो खरा की खोटा, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.

या भाकऱ्या कसल्या, हे सांगण्याआधी माझी ओळख करून दिली पाहिजे. मी रावेतचा. पवनेच्या काठावरच्या शेतकरी घरात जन्मलो. आयटीआय करून १९७७ साली पॅटर्न मेकर म्हणून कारखान्यात लागलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. पॅटर्न मेकर म्हणजे काय, हे आज पिंपरी-चिंचवडमध्येही समजावून सांगावे लागते. यंत्राचा एखादा भाग बिडात ओतायचा असेल, तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा तयार होतो आणि त्या साच्यात रस ओततात. ओतलेला रस थंड होताना आकसतो. म्हणून नमुना मुळापेक्षा थोडा मोठा ठेवायचा असतो. बिडाला मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर सूट द्यावी लागते. हे काम मी एकोणचाळीस वर्षे केले. हाताला लाकडाची आणि डोळ्याला मापाची सवय लागली ती अशी.

आता थोडे गावाविषयी. शेजारचे चिंचवड मोरया गोसावींचे, चापेकर बंधूंचे. पलीकडे तुकोबांचे देहू. आमच्या रावेताला असे मोठे नाव नाही. नदी, मळे आणि बैलजोड्या एवढीच आमची ओळख होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात टेल्को, बजाज यांच्यासारखे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९९७ साली आजूबाजूच्या गावांबरोबर रावेतही महापालिकेत गेले. शहर जे पाणी पिते, त्यातले बरेचसे आमच्या रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते. पाणी आमच्या दारावरून गेले, आणि पाठोपाठ शहर दारात आले. महामार्ग झाला, बास्केट ब्रिज झाला, ज्या शेतात आमची बाजरी डुलायची तिथे बारा मजली इमारती झाल्या. याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच कारखान्यांच्या पगारावर माझी मुले शिकली. पण या बदलात घरातल्या वस्तूंचे काय झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

वस्तूंचा हिशेब ठेवणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो पुण्यात, आणि तोही प्रत्यक्ष नव्हे, त्याच्या कामातून. १९८१ साली कारखान्यातल्या मित्रांबरोबर शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला गेलो होतो. तिथे कपाटात अडकित्ते मांडलेले होते. मोराच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, नर-नारीच्या आकृतींचे. दिवे तर मोजता येऊ नयेत इतके. पाय घासायच्या वज्र्या, कुलपे, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी. मी त्या अडकित्त्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या आजीच्या चंचीत असाच एक साधा अडकित्ता असायचा. राजाच्या तलवारीसारखा आजीचा अडकित्ताही काचेच्या कपाटात ठेवायच्या योग्यतेचा असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

हा संग्रह करणारे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे काकासाहेब केळकर. त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा, आपल्या मावळातल्या कामशेतजवळच्या करंजगावचा. आकुर्डीहून लोणावळा लोकल धरली, की वडगाव, कान्हे मागे टाकून कामशेत येते, इतके ते आम्हाला जवळचे. पुण्यात त्यांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ते स्वतः कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. इतिहासातले विषय कवितेसाठी शोधता शोधता त्यांची नजर जुन्या वाड्यांकडे आणि त्या वाड्यांतल्या वस्तूंकडे वळली. साधारण १९२० च्या सुमारास संग्रहाला सुरुवात झाली. कविता बाजूला राहिली आणि वस्तू पुढे आल्या.

मंडळी, इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा माणूस संस्थानिक नव्हता, त्याच्यामागे सरकारी खाते नव्हते. चरितार्थ चष्म्यांवर आणि जीव दिव्यांवर, अशी ही विभागणी. आजच्या भाषेत बोलायचे तर जोडधंदा, पण असा जोडधंदा, की ज्यात मुख्य धंद्याचा पैसा आत जातो आणि बाहेर काही येत नाही! पत्नी कमलाबाई यांची साथ नसती तर हे घडले नसते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर पीठ घरातलेच लागते, आणि ते बहुधा घरातल्या बाईला विचारून घ्यावे लागते.

खेडोपाडी हिंडून, लोकांच्या माळ्यांवर आणि अडगळीत शोधून १९६० पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू जमल्या. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला होता. १९६२ साली संग्रहालय झाले ते त्याच्या नावाने. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उतरवून आणून त्यांनी इथे पुन्हा उभे केले. आणि १९७५ साली काकासाहेबांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुढे १९८० मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९० साली ते गेले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. एका वेळी त्यांतल्या थोड्याच मांडता येतात.

असे काम जगात दुसरीकडेही झाले आहे. स्वीडनमध्ये आर्तूर हाझेलियस नावाचे भाषेचे एक अभ्यासक होते. त्यांच्या देशात कारखाने येत होते, खेडी रिकामी होत होती, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांचे कपडे, अवजारे, भांडी जमवायला सुरुवात केली. १८७३ साली त्यांनी संग्रह लोकांना दाखवायला उघडला. पुढे तर अख्खी घरे उतरवून राजधानी स्टॉकहोममध्ये आणली आणि १८९१ साली 'स्कान्सेन' हे उघड्यावरचे संग्रहालय उभे केले. म्हणजे आमच्या रावेतात जे १९९७ नंतर घडले, ते स्वीडनमध्ये शंभर वर्षे आधी घडत होते, आणि तिथे कोणीतरी वेळेवर जागे झाले होते.

मी मात्र वेळेवर जागा झालो नाही. हे कबूल केल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

१९९८ साली आम्ही जुने घर पाडून नवे बांधले. माळ्यावर वडिलांची पाभर होती, दोन जू होते, मोटेचे चाक होते. शेती जवळजवळ संपलीच होती. भंगारवाला दारात आला. त्याने लोखंडाचे वजन केले आणि लाकूड फुकट नेले, वर 'जळणाला होईल' असे म्हणाला. वडील ओट्यावर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. कपाटातल्या अडकित्त्यापुढे उभा राहणारा मी, घरची पाभर जाताना मात्र सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब करत होतो.

त्यानंतर बारा वर्षांनी, २०१० मध्ये, मुलीला घेऊन महामार्गावरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. गावरान थाटाचे हॉटेल. भिंतीवर कंदील, सुपे, टोपल्या आणि मधोमध एक पाभर टांगलेली, तीही उलटी. फण वर, दिंड खाली. मुलीने विचारले, "बाबा, हे काय आहे?" मी वाढणाऱ्या मुलाला मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "नांगर असेल काका. डेकोरेशनचं आहे." मी मुलीला सांगू लागलो, की ही पाभर, हिने पेरणी करतात, हे चाडे, यात मूठ धरून बी सोडायचे, ते या नळ्यांतून फणामागे सरीत पडते. सांगता सांगता मी अडलो. दोन फणांत अंतर किती ठेवायचे आणि ते का, हे मला सांगता येईना. शेतकऱ्याचा मुलगा आणि मापाचा कारागीर, आणि मला माप ठाऊक नव्हते.

त्या रविवारी मी शेडमध्ये बसलो तो पाभरीचा छोटा नमुना करायला. मूळ वस्तू गेली होती, पण हातात कसब होते. ठरवले, की एकास आठ या प्रमाणात सागवानी नमुने करायचे. पाभर, कुळव, नांगर, बैलगाडी, मोट. माप मात्र अंदाजाने घ्यायचे नाही, ज्याच्याकडे अजून खरी वस्तू आहे त्याच्या घरी जाऊन घ्यायचे. मग पुनावळे, किवळे, पुढे मावळातली गावे असा हिंडू लागलो. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पडवीत, कोणाच्या छपरावर वस्तू सापडे. म्हाताऱ्या माणसांनी मला शिकवले, की पेरायचे पीक बदलले की फणांतले अंतर बदलते, म्हणून बाजरीची पाभर ज्वारीला चालेलच असे नाही. मोटेला दोन दोर असतात, जाड तो नाडा आणि सोंडेचा बारीक तो सोंदूर, आणि दोन्हींची लांबी चुकली तर पाणी थारोळ्यात पडायच्या आधीच विहिरीत सांडते. हे सारे मी वहीत लिहीत गेलो.

पहिली पाभर पुरी झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले होते. ज्यांच्या घरी माप घेतले होते, त्या घरच्या आजींना दाखवायला ती घेऊन गेलो. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांनी पाभर तळहातावर घेतली, फणांवरून बोट फिरवले, चाड्यात बोटाचे टोक घालून पाहिले आणि म्हणाल्या, "पाभर झाली बाबा. पण मोघण कुठाय?"

मोघण म्हणजे मागून धरायची नळी. वर बी टाकायला छोटे तोंड, खाली पोकळ वेळू, आणि दोरीने पाभरीला बांधलेली. मुख्य पीक पाभरीतून पेरले जायचे, आणि तूर, हुलगा, मूग असले बी मोघणीतून मागच्या मागे पडायचे. पाभर हाकणारा बहुधा पुरुष असे. मोघण धरून ढेकळांतून अनवाणी चालणारी बाई.

मी म्हणालो, "आजी, ती वेगळी वस्तू. ती नंतर करीन."

त्या हसल्या. "नंतर कशाला? सगळं रान मी पाभरीमागं चालले. मोघण न्हाई, म्हंजी मी न्हाई."

मंडळी, एवढ्या एका वाक्याने माझा सगळा उद्योग उलटा-सुलटा झाला. मी वस्तूंचे नमुने करत होतो आणि माणसे गाळत होतो. तूर-मूग घरातल्या डाळीसाठी, म्हणजे वर्षाच्या वरणाची तजवीज त्या नळीतून होत असे. ती नळी माझ्या डोळ्यांनी पाहिली नव्हती असे नाही. माझी आई तीच धरून चालली असणार. पण मोजपट्टी घेऊन बसलो तेव्हा ती मला वस्तू वाटली नाही. केळकर संग्रहालयातल्या त्या अडकित्त्यांचा आणि वज्र्यांचा खरा अर्थ मला त्या पडवीत उमगला. काकासाहेबांनी जमवलेल्यातला कितीतरी भाग बायकांच्या रोजच्या हातातला आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी ज्याची नोंद घेतली नाही, ते त्यांनी उचलून ठेवले.

तेव्हापासून माझ्या शेडमधून मोघणीवाचून पाभर बाहेर गेलेली नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी जाते. मूळ वस्तू कोणत्या गावची, कोणी घडवली, कोणी वापरली, कशासाठी वापरली, हे त्यात लिहिलेले असते. मूळ घरातले एक माणूस ती चिठ्ठी वाचून 'बरोबर आहे' म्हणते, मगच नमुना विकायचा. मुख्य गिऱ्हाईक कोण, तर त्याच बारा मजली इमारतींत राहायला आलेली माणसे. त्यांतल्या अनेकांचे आजोबा नगरला, लातूरला, खानदेशात पाभर हाकत होते. "आमच्याकडे हिला तिफण म्हणतात," असे सांगत ती शेडमध्ये येऊन बसतात. लाकूड, पॉलिश यांचा खर्च सुटतो, वर थोडे उरतात. घर चालते ते निवृत्तीच्या पैशांवर. एवढे साधे गणित आधी मांडले, म्हणून उद्योग टिकला. ज्या दिवशी मी याच पैशांवर संसार चालवायला निघेन, त्या दिवशी मोघण गाळून स्वस्तातली पाभर करायचा मोह मला होईल, हे मी जाणून आहे.

पण नमुना म्हणजे मूळ वस्तू नव्हे. तो धडा २०१७ साली मिळाला. त्या आजींनी आपली खरी पाभर, मोघणीसकट, माझ्याकडे आणून ठेवली होती. "घरात पोरं टाकून देतील, तुझ्याकडं राहू दे," म्हणाल्या. मी विश्वासाने घेतली, त्यांनी विश्वासाने दिली. कागद केला नाही. आपल्या माणसांत कागद कसला करायचा, असे तेव्हा वाटले. त्या गेल्यावर वर्षाच्या आत त्यांचा नातू आला. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने त्याला चांगली किंमत सांगितली होती. तो म्हणाला, "काका, वस्तू आमची आहे." खरेच होते. मुलाची फी भरायची होती, हेही खरे होते. मी पाभर त्याच्या टेम्पोत चढवून दिली. मोघण चढवताना दोरी सुटली होती, ती मीच पुन्हा बांधून दिली. ती पाभर आज कोणाच्या दिवाणखान्यात आहे, मला ठाऊक नाही. ती उलटी टांगलेली नसावी, एवढीच इच्छा.

त्या रात्री मी पुन्हा काकासाहेबांचा विचार केला. इतकी वर्षे मला त्यांचे मोठेपण जमवण्यात वाटत होते. पन्नास-पंचावन्न वर्षे जमवलेले सारे १९७५ साली, आपण हयात असताना, त्यांनी समाजाच्या हवाली केले, हे मी नुसतेच वाचून सोडून दिले होते. जमवणे हे छंदाने होते. देऊन टाकायला मात्र ठरवावे लागते, कागद करावा लागतो आणि तोही वेळेवर. माझ्यासारख्या लहान माणसाने त्यांच्याशी बरोबरी करू नये, पण नक्कल करायला हरकत नाही.

आणखी एक उदाहरण माझ्यासमोर आहे, ते कोकणातले. कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथीची आणि बाहुल्यांची परंपरा आहे. सावंतवाडीच्या राजघराण्याचा तिला एके काळी आश्रय होता. तो काळ संपला आणि कला मागे पडली. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच कलेचे संग्रहालय थाटले आणि येणाऱ्याला खेळ दाखवायला, कथा सांगायला सुरुवात केली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केळकरांनी वस्तू राखल्या. गंगावण्यांनी वस्तूबरोबर ती हलवणारा हातही राखला, कारण बाहुली कपाटात ठेवली की ती मुकी होते. मोघणीचेही तसेच आहे. ती कशी धरायची, मूठ किती सैल सोडायची, पावलाची गती कशी जुळवायची, हे लाकडात कोरता येत नाही.

म्हणून आता आमच्या उद्योगाचे तीन नियम झाले आहेत. पहिला, कोणाचीही जुनी वस्तू विकत घ्यायची नाही आणि विकायची नाही. विकायचे ते फक्त आपल्या हातचे नमुने. दुसरा, कोणी वस्तू ठेवायला दिली तर वहीत नोंद करायची आणि घरातल्या तरुण माणसाची सही आधी घ्यायची, म्हाताऱ्यांची नंतर. तिसरा, वर्षातून एकदा, मृगाच्या आसपास, इमारतींतली मुले आणि गावातली म्हातारी माणसे एकत्र आणायची. रावेतात पेरायला रान थोडेच उरले आहे. पण मोकळ्या जागेत मातीचा एक पट्टा नांगरून घेता येतो. त्यावर मुले पाभर ओढतात, मुली चाड्यावर मूठ धरायचा हट्ट धरतात, आणि मागे मोघण कोणी धरायची यावरून मुलग्यांत भांडणे होतात. ते भांडण पाहायला त्या आजी हव्या होत्या.

माझ्या मागे हे नमुने, मापांच्या वह्या आणि हत्यारे गावातल्या शाळेला जावीत, असे लिहून ठेवले आहे. कागदावर माझी सही आहे, मुलीची आहे आणि साक्षीदार म्हणून सौभाग्यवतींची. सही करताना त्या म्हणाल्या, "म्हणजे भाकऱ्या आता शाळेच्या." मी म्हणालो, "हो." मग त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि विचारले, "यात मोघणीचं वेगळं लिहिलंय का? नुसतं पाभर लिहिलंत तर उद्या कोणी ती वेगळी काढील."

मी पेन घेतले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती ओळ दुरुस्त केली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)